मुक्कामी पाहुण्यांनीं न कळवितां आणलेलीं जनावरें

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या कडेस असलेल्या मोहर्ली, कोलारा, नवेगांव, झरी, पांगडी इत्यादि गांवांच्या बाजूस गेल्या कांहीं वर्षांत शेतीच्या जोडीला एक नवा उद्योग रुजला आहे. वाघ पाहावयास येणाऱ्या शहरी कुटुंबांस आपल्या घराच्या दोन खोल्या, किंवा शेतांत मुद्दाम बांधलेली एखादी कुटी, एक-दोन रात्रींसाठीं भाड्यानें द्यावयाची व जेवणखाण पुरवावयाचें, असें या उद्योगाचें स्वरूप असून त्यास हल्लीं 'होमस्टे' म्हणतात. राज्य सरकारनें सन २०२० मध्यें कृषि-पर्यटनाचें धोरण मंजूर केल्यापासून खुद्द शेतावर पाहुणे ठेवणाऱ्यांसहि सरकारदरबारीं वाट झाली आहे. धानाचा एखादा हंगाम बुडाला तरी या उत्पन्नावर घर तगतें, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं जवळून पाहिलें असेल. तेव्हां या उद्योगांतील एका लहान दिसणाऱ्या, परंतु महागांत पडणाऱ्या अडचणीचा विचार येथें करावयाचा आहे.

अडचण अशी कीं, पाहुणा चार माणसांचें ठरवून येतो, आणि मोटारींतून चार माणसें व एक कुत्रें उतरतें. कित्येकदां तें यजमानासमोर उतरतहि नाहीं. अंधार पडल्यावर शालींत गुंडाळून खोलींत नेलें जातें, आणि भुंकलें म्हणजेच घरच्यांस कळतें. शहरांतील घरमालकास अशा वेळीं गादी, पडदे आणि शेजाऱ्यांची झोंप यांची चिंता पडते. आपल्याकडे गादी धुतां येते. आपली चिंता निराळी आहे. येथें ओसरीपलीकडे बिबट आहे, आणि पाहुण्यांच्या खोलीपासून गोठा वीस पावलांवर आहे.

बिबट्याचें व कुत्र्याचें नातें जंगलकांठच्या माणसास सांगावयास नको; परंतु तें किती घट्ट आहे याचा हिशेब आपल्याच राज्यांत झालेला आहे. पूर्वींच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत मनुष्यवस्तीच्या मध्यें राहणाऱ्या बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं केली. खाल्लेल्या भक्ष्याचें वजन धरलें असतां त्यांत शेंकडा ८७ भाग पाळीव जनावरांचा निघाला, आणि त्यांतहि एकट्या कुत्र्यांचा वांटा शेंकडा ३९ होता. त्या मुलखांत शेळ्यांची संख्या कुत्र्यांहून पुष्कळ अधिक. तरीहि ही स्थिति. कारण उघड आहे. शेळी रात्रीं कोंडली जाते, कुत्रें मोकळें असतें.

आतां गांवचें कुत्रें या मुलखांत वाढलेलें. रात्रीं कोठें निजावें आणि कोणत्या वासाला मागें सरावें, हें त्यास थोडेंफार कळतें, आणि तरीहि तें उचललें जातें. मग नागपूर-पुण्याच्या सदनिकेंत वाढलेल्या लॅब्रडॉरची किंवा पामेरियनची काय कथा! नवख्या जागेंत तें रात्रभर भुंकतें, म्हणजे आपला पत्ता आपणच सांगत राहतें. मालक त्यास ओसरीच्या खांबाला बांधतो, किंवा रात्रीं दहा वाजतां हातांत विजेरी घेऊन शेताच्या बांधापर्यंत फिरवून आणतो. ओसरीला बांधलेलें कुत्रें हें बिबट्यास आमिष होय. आणि बांधावर कुत्र्याशेजारीं ओणवा झालेला मनुष्य अंधारांत बिबट्याच्या डोळ्यांस मनुष्यासारखा दिसेलच, याची हमी कोणीं द्यावी? समजा, नुसतें कुत्रेंच गेलें. पाहुण्याचें नुकसान झालें, तो रडून, रागावून निघून गेला. परंतु ज्या ओसरीवर एकदां भक्ष्य मिळालें, तेथें बिबट पुन्हां येऊन पाहतो. तोंपर्यंत पाहुणा पुण्यास पोंचलेला असतो. ओसरीवर आपलीं मुलें निजलेलीं असतात.

गडचिरोलीकडे आणखी एक प्रकरण आहे. सन २०२१ च्या ऑक्टोबरांत छत्तीसगडाकडून रानहत्तींचा कळप त्या जिल्ह्यांत उतरला, आणि तेव्हांपासून धानाच्या शेतांस हत्तींचा उपद्रव सुरू झाला. हत्तीवर भुंकत गेलेलें कुत्रें हत्ती उलटला म्हणजे माघारें धांवतें, आणि धांवतें तें थेट मालकाच्या पायांकडे. मार्कंड्यास दर्शनाला किंवा हेमलकशास लोक बिरादरी प्रकल्प पाहावयास जाणारे प्रवासी वाटेंत मुक्काम मागतात. त्यांस ही गोष्ट कोणी सांगत नाहीं. ती यजमानानेंच सांगितली पाहिजे.

बिबट दिसतो तरी. रोग दिसत नाहीं, म्हणून त्याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों.

कुत्र्यांस 'डिस्टेंपर' नांवाचा एक सांथीचा रोग होतो. ताप, डोळ्या-नाकांतून पाणी, खोकला, पुढें झटके, आणि बहुधा मरण, असा त्याचा क्रम असतो. त्यावर नेमकें औषध नाहीं; प्रतिबंधक लस मात्र चांगली आहे. हा रोग कुत्र्यापुरता राहत नाहीं, हेंच त्यांतील मर्म होय. आफ्रिकेंतील सेरेंगेटीच्या रानांत सन १९९४ मध्यें त्यानें सुमारें एक-तृतीयांश सिंह मारले. इतक्या दूर जावयाचेंहि कारण नाहीं. गुजराथेंतील गीरच्या जंगलांत, दलखाणिया भागांत, सन २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत तेवीस सिंह मेले. त्यांतील कांहींच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु-विज्ञान संस्थेस डिस्टेंपरचा विषाणु आढळला, आणि वांचलेल्या सिंहांसाठीं परदेशांतून लस आणावी लागली. रशियांतील वाघांतहि हा रोग सांपडलेला आहे. आपल्या ताडोबांत वाघ तर आहेतच. शिवाय रानकुत्र्यांचे कळप आहेत, आणि रानकुत्रा हा पाळीव कुत्र्याचा जवळचा भाऊबंद असल्यामुळें कुत्र्याचा जवळजवळ प्रत्येक रोग त्यास जडतो. विषाणु बाहेर टाकणारें कुत्रें पहिले कांहीं दिवस दिसण्यांत धडधाकट असतें. मोटारींतून उतरून शेपटी हालवणारें जनावर निरोगी आहे असें पाहून ठरवितां येत नाहीं, तें या कारणानें.

गांवच्या दृष्टीनें याहून वाईट तो पिसाळरोग, म्हणजे रेबीज. बैल, म्हैस, शेळी, माणूस, कोणासहि एकदां लक्षणें उमटलीं म्हणजे उपाय चालत नाहीं. पार्व्हो नांवाचा तिसरा रोग पिल्लांस रक्ताची हगवण लावून मारतो, आणि त्याचा विषाणु जमिनींत कित्येक महिने टिकून राहतो. पाहुणा गेल्यानंतर दिवाळींत झालेलीं आपल्या कुत्रीचीं पिल्लें एकामागून एक कां गेलीं, याचा उलगडा घरांत कोणासहि होत नाहीं. यांत गोचिडांची भर. एका केसाळ कुत्र्यानें सोडलेली गोचीड खोलीच्या भिंतींच्या भेगांत महिनोन्‌महिने राहते. कुत्र्याची विष्ठा चाऱ्यांत मिसळली असतां त्यांतील सूक्ष्म परोपजीवी जंतूंमुळें गाई गाभडतात, हेंहि पशुवैद्यांस ठाऊक असलेलें आहे. म्हणून पाहुण्याच्या जनावरास गोठा, गव्हाण आणि कडब्याची गंजी या बाजूस फिरकूं देऊं नये.

या ठिकाणीं कायद्याची एक गंमत नमूद करण्यासारखी आहे. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३३-अ कलमान्वयें अभयारण्यांत व त्याच्या पांच किलोमीटरांच्या आंत असलेल्या पाळीव गुरांस सांसर्गिक रोगांच्या लसी टोंचण्याची तजवीज मुख्य वन्यजीव रक्षकानें करावयाची असते. आणि लस टोंचल्याखेरीज कोणीहि आपलें गुरूं अभयारण्यांत नेऊं नये, असेंहि त्यांत आहे. गुरें म्हणजे कोणतीं याची लांबलचक यादी त्याच कायद्यांत दिली आहे: म्हशी, बैल, शेळ्या, डुकरें, कोंबड्या, बदकें, फार काय याकहि. कुत्र्याचें नांव त्या यादींत नाहीं. म्हणजे आमची गाय सरकारच्या हिशेबांत आहे, आणि काचा लावलेल्या मोटारींतून दोन-तीनशें किलोमीटर प्रवास करून आलेलें कुत्रें हिशेबाबाहेर! सफारीच्या जिप्सींत तें नेतां येत नाहीं इतकेंच. तें थांबतें आपल्या घरीं. तेव्हां जी तपासणी सरकारी नाक्यावर होत नाहीं ती आपल्या फाटकावर झाली पाहिजे.

पाहुणा लपवितो कां? बहुतेक पाहुणे लबाड नसतात. घरीं कुत्र्यास सांभाळावयास कोणी नसतें. विचारलें तर नाहीं म्हणतील ही भीति असते. आणि कित्येकांस कुत्रें वेगळें सांगावयाचें असतें हेंच सुचत नाहीं, कारण तें त्यांच्या घरीं लेकरासारखें वाढलेलें असतें. शिवाय खोली ठरविणारा नागपूरचा दलाल निराळा आणि राहावयास येणारा निराळा. 'पाळीव प्राण्यांस मनाई' ही ओळ संकेतस्थळाच्या तळाशीं इंग्रजींत कोठें तरी असते. ती दलालानेंहि वाचलेली नसते.

महसूल खात्यांत तीसएक वर्षें काढल्यावर एक गोष्ट पक्की समजते. ज्या माहितीचा रकाना तक्त्यांत नाहीं, ती माहिती कोणी आपण होऊन देत नाहीं. आणि रकाना असला म्हणजे खोटें लिहावयास हात कचरतो. गांव नमुना बारामध्यें जलसिंचनाच्या साधनाचा रकाना आहे, म्हणूनच विहीर कागदावर येते. तद्वत् आपल्या पाहुण्यांच्या नोंदवहींत नांव, गांव, माणसें, आल्याची वेळ, गेल्याची वेळ या रकान्यांच्या शेजारीं 'सोबतचें जनावर' असा एक रकाना आंखावा. मनाईची पाटी लावण्यापेक्षां प्रश्न विचारणें अधिक फलदायी होय. पाटी न वाचतां पुढें जातां येतें. प्रश्नाला हो किंवा नाहीं म्हणावेंच लागतें.

हा प्रश्न आगाऊ रक्कम स्वीकारण्यापूर्वीं व्हॉट्सॲपवर मराठींत, हिंदींत व इंग्रजींत पाठवावा, आणि उत्तर खुद्द राहणाऱ्या मनुष्याच्या क्रमांकावरून आल्याशिवाय खोली पक्की करूं नये. मजकूर साधारण असा असावा: "आपल्याबरोबर कुत्रें, मांजर, पक्षी किंवा दुसरें कोणतेंहि जनावर येणार आहे काय? असल्यास कोणतें व किती, आणि त्यास रेबीज व डिस्टेंपरच्या लसी केव्हां टोंचल्या, तें कृपा करून कळवावें. आमचें घर जंगलालगत असून येथें बिबट्याचा वावर आहे व घरीं गुरें आहेत. न कळवितां जनावर आणल्यास एका रात्रीच्या भाड्याइतकी रक्कम अनामतींतून कापली जाईल, व जनावर आम्ही सांगूं त्याच बंद जागेंत ठेवावें लागेल." यांत धमकी नाहीं, कारण सांगितलें आहे. बिबट्याचें नांव वाचून निम्मे पाहुणे कुत्र्याची सोय नागपुरासच करून येतील, असा आमचा अंदाज आहे. येण्याच्या आदल्या दिवशीं फोनवर जेवणाचें विचारतांना हाच प्रश्न पुन्हां एकदां विचारावा.

मुळांत जनावर घ्यावें कीं नाहीं, याविषयीं मतभेद आहे. आमचें मत विचाराल तर ज्यांचें घर बफर क्षेत्रांत आहे, गोठा लगत आहे आणि आवारास भिंत नाहीं, त्यांनीं कुत्रीं साफ नाकारावींत. दोन पाहुणे गेले तरी चालतील. वरोरा-भद्रावतीच्या बाजूस मोठ्या रस्त्याजवळ, पक्क्या आवारांत ज्यांची कुटी आहे, त्यांनीं एक खोली त्यासाठीं राखून वेगळें भाडें घेण्यास हरकत नाहीं. मात्र लसीकरणाची पुस्तिका पाहिल्याखेरीज नव्हे. पिंजऱ्यांतील राघू घेऊन आलेल्या पाहुण्याची गोष्ट वेगळी. आपल्या देशांतील पोपट पाळणें हाच वन्यजीव कायद्याखालीं गुन्हा आहे, आणि तो पिंजरा वनखात्याच्या नाक्याशेजारीं आपल्या ओसरीवर टांगलेला दिसावा, यांत शहाणपण नाहीं. त्यास सरळ नकार द्यावा.

इतकें करूनहि एखादा लपवून आणणारच. तें उघडकीस येतें तें बहुधा दोन वेळीं: रात्रीं भुंकण्यानें, किंवा सकाळीं पाहुणे सफारीस गेल्यावर. दुसऱ्या प्रकारचा एक प्रसंग प्रस्तुत लेखकानें स्वतः पाहिलेला आहे. मे महिना होता. बफर क्षेत्रांतील एका शेतकऱ्याच्या घरीं वारसाच्या फेरफाराच्या कागदांसाठीं गेलों होतों. पाहुणे पहांटे पांचला जंगलांत गेलेले. आदल्या संध्याकाळच्या वावटळीनें वीज गेलेली, त्यामुळें खोलींतला कूलर बंद, आणि वर टिनाचें छत. साडेआठच्या सुमारास झाडलोट करणारी बाई येऊन म्हणाली, "काका, खोलीत काहीतरी कुरकुरते जी." खिडकीच्या फटींतून पाहिलें तों पलंगाखालीं एक लहानसें पांढरें कुत्रें जीभ बाहेर टाकून धापा टाकीत पडलें होतें. चंद्रपूरच्या उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि कुत्र्यास मनुष्यासारखा अंगभर घाम येत नाहीं; धाप टाकूनच तें अंग निववितें. बंद टिनाखालीं त्यास दुपारपर्यंत जगणें कठीण.

घरधनी विचारांत पडला. पाहुण्याची कुलूपबंद खोली, आंत त्यांचें सामान. उघडावी तर चोरीचा आळ, न उघडावी तर हत्या. जंगलांत फोन लागेना. त्यानें शेजारच्या दोघांस बोलावलें, नोंदवहींत वेळ लिहिली, दोघांच्या सह्या घेतल्या, आणि मग दुसऱ्या किल्लीनें दार उघडलें. कुत्र्यास ओल्या पोत्यावर ठेवून पोटाला व पंजांना साधें पाणी लावलें, थोडें थोडें पाजलें, आणि दोरीनें बांधून आंतल्या माजघरांत ठेवलें. सामानाला कोणीं हात लावला नाहीं. साडेदहाला पाहुणे परतले, आणि कुलूप उघडलेलें पाहून त्यांतील गृहस्थ बराच मोठा आवाज करूं लागले. घरधन्यानें एक अक्षर न बोलतां वही पुढें केली. त्यांची पत्नी तोंपर्यंत माजघरांत जाऊन कुत्र्यास उराशीं धरून बसली होती. पुढें बोलणें झालें तें हळू आवाजांत झालें, आणि अनामतींतील रक्कम कापली गेली तिची पावतीहि त्या गृहस्थांनीं निमूटपणें घेतली. सन १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणें जनावरास पुरेसें अन्न, पाणी व निवारा न देणें हा मालकाचा गुन्हा होतो, हें त्यांस सांगावयाची वेळच आली नाहीं.

रात्रींच्या प्रसंगीं मात्र घाई नडते. कुत्रें खोलींत आहे असें कळतांच 'आतांच्या आतां निघा' म्हणणारे यजमान आहेत. वचन पाहुण्यानें मोडलें, हें खरें. परंतु रात्रीं अकरा वाजतां लहान मुलें घेऊन जंगलांतल्या रस्त्यावर कोणासहि काढूं नये. चंद्रपूर-मूल रस्त्यासारख्या वाटांवर रात्रीं काय आडवें येतें, हें आपणांस ठाऊक आहे, त्यांस नाहीं. दुसरेंहि एक भय आहे: हांकलून दिलेला मनुष्य वैतागून कुत्रेंच रस्त्याच्या कडेला सोडून देईल. तसें सोडलेलें कुत्रें एक तर बिबट्याच्या पोटांत जातें, नाहीं तर गांवच्या मोकाट टोळींत मिसळून चितळांच्या पाडसांमागें लागतें, आणि त्याच्या अंगचा रोग जंगलांत शिरतो. ज्या अनर्थास आपण भितों तोच आपल्या रागानें ओढवून घेतल्यासारखें होतें.

म्हणून रात्रीं प्रथम कुत्र्यास आंत घ्यावें: पक्क्या खोलींत, दार-खिडकी लावून. ओसरीवर नव्हे, मोटारींत नव्हे, गोठ्यांत तर नव्हेच. त्यास बाहेर न्यावयाचें झालें तर दोन माणसें, दोन विजेऱ्या, आंखूड पट्टा, आणि अंगणाच्या उजेडाबाहेर पाऊल नाहीं. आपलीं कुत्रीं बांधून टाकावींत, म्हणजे भांडण व संसर्ग दोन्ही टळतात. शेताभोंवतीं सौर कुंपण चालू असेल तर पाहुण्यांस तें दाखवून द्यावें. त्याचा झटका जीव घेत नाहीं, परंतु झटका बसलेलें कुत्रें पट्टा तोडून पळतें. कुंपणांत थेट विजेचा प्रवाह सोडण्याचा प्रकार कांहीं ठिकाणीं चालतो. तो बेकायदा तर आहेच, आणि ज्याच्या शेतांत अशी तार आहे त्यानें मुळांत पाहुणेच ठेवूं नयेत. बांधावर उंदरांसाठीं विषारी गोळ्या टाकल्या असल्यास तेंहि सांगावें. पैशाचें बोलणें सकाळीं चहानंतर करावें. रात्रीं ठरलेला आंकडा सकाळीं कोणासहि पटत नाहीं.

पैशासंबंधीं कायद्याची मर्यादा ध्यानांत असावी. सन १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणें करार मोडल्याबद्दल जी रक्कम अगोदर ठरली असेल ती कमाल मर्यादा होय. त्या मर्यादेच्या आंत वाजवी भरपाई मिळते. म्हणून रक्कम आधीं लेखी ठरली पाहिजे, आणि ती अवाच्या सवा नसावी. अगोदर कांहींच न ठरवितां पाहुणा निघतांना पांच हजार मागणें, हें न्यायांत टिकावयाचें नाहीं. त्याच कायद्याच्या १७१ व्या कलमांत मागील बाकीपोटीं दुसऱ्याचा माल अडकवून ठेवण्याचा अधिकार ज्यांस दिला आहे त्यांत पेढीवाले, अडते, धक्केवाले इत्यादि आहेत. मुक्कामाची खोली देणारा त्यांत नाहीं. तेव्हां सामान किंवा कुत्रें अडकवून ठेवूं नये, फाटकास कुलूप घालूं नये. खरें नुकसान झालें असेल, म्हणजे कोंबड्या मारल्या, चादर फाडली, शेळीला चावा घेतला, तर दोन शेजाऱ्यांसमक्ष साधा पंचनामा लिहावा, छायाचित्र काढावें, बाजारभाव लिहावा आणि पाहुण्याची सही घ्यावी. बहुतेक प्रकरणें सहीपाशींच मिटतात.

एखादा पाहुणा भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाचा हवाला देऊन म्हणतो कीं, पाळीव जनावरांस मनाईच करतां येत नाहीं. त्या मंडळानें सन २०१५ मध्यें काढलेल्या सूचना गृहनिर्माण संस्थांतील रहिवाशांच्या जनावरांसंबंधीं आहेत. आपल्या घरीं दोन रात्रींसाठीं येणाऱ्याशीं आपला संबंध कराराचा आहे, हें त्यास शांतपणें सांगावें.

कुत्रें माणसास चावलें तर मात्र वही, पैसा, कायदा सर्व बाजूस ठेवावें. जखम लगेच वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी; हळद, तिखट, चुना कांहीं लावूं नये; आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जाऊन लस सुरू करावी. लशीच्या पुढील मात्रा ठरलेल्या दिवशीं न चुकतां घ्यावयाच्या असतात. सरकारी दवाखान्यांत कातडींत टोंचण्याच्या पद्धतींत पहिल्या दिवसानंतर तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस धरतात. रक्त निघालेलें असल्यास जखमेभोंवतीं सीरम टोंचावें लागतें, तें डॉक्टरांस विचारावें. 'आमचें कुत्रें घरांतलें आहे, त्यास कांहीं नाहीं,' या पाहुण्याच्या बोलण्यावर दवाखाना चुकवूं नये. त्याचा पूर्ण पत्ता व कुत्र्याची लसीकरण-पुस्तिका यांची छायाचित्रें घेऊन ठेवावींत, आणि दहा दिवसांनीं फोन करून कुत्रें जिवंत व धडधाकट आहे ना, हें विचारावें. जनावराच्या बाबतींत हयगय करून दुसऱ्याच्या जिवास धोका पोंचविणें हा १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखालीं गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. हें कलम मालकास लागतें. आणि ओसरीवरचें आपलें कुत्रें पाहुण्यास चावलें तर तो मालक आपण असतों, याचा विसर पडूं नये.

पाहुणे गेल्यावर खोलीची सफाई साध्या फिनाईलवर भागवूं नये. पार्व्होचा विषाणु फिनाईलास फारसा दाद देत नाहीं. घरगुती ब्लीच एक भाग व पाणी सुमारें तीस भाग असें करून फरशी पुसावी, दहा मिनिटें ओली राहूं द्यावी, मग धुवावी. ब्लीचमध्यें ॲसिड मिसळूं नये. अंथरुणें कडक उन्हांत टाकावींत. ऊन ही वस्तु तरी आपल्या जिल्ह्यांत फुकट व मुबलक आहे.

ताडोबाचा गाभा १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत पर्यटकांस बंद असतो, आणि त्या दिवसांत पाहुण्यांची वर्दळ कमी होते. रोवणी उरकली म्हणजे हीं कामें त्या अवधींत करून घेण्याजोगीं आहेत: नवी नोंदवही आंखणें, प्रश्नाचा मजकूर तिन्ही भाषांत तयार ठेवणें, एका तरी खोलीची खिडकी जाळी व कडीसह पक्की करणें, आणि पशुवैद्यकीय दवाखान्याकडे गांवातर्फें अर्ज करून गांवच्या सर्व कुत्र्यांस लसी टोंचून घेणें. शेवटचें काम एकट्याचें नाहीं. दहा घरचीं कुत्रीं टोंचलीं आणि पंचवीस राहिलीं तर फारसें साधत नाहीं, म्हणून तो विषय ग्रामसभेपुढें ठेवावा. लसीची पुस्तिका पाहुण्याकडे मागतांना आपल्या दारांतल्या कुत्र्याची पुस्तिका खुंटीवर टांगलेली असली, तर पाहुणा उलट प्रश्न विचारीत नाहीं. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेस फाटकें उघडतात. अर्ज ऑगस्टांतच गेला पाहिजे, कारण सरकारी कागदास फिरावयाला किती दिवस लागतात, हें आम्हीं आंतून पाहिलेलें आहे.